उघड्या छपराची डिझेल गाडी

हिशेबनिसांना गाडी लागत असे. लहान मुलांना लागते तशी नव्हे. लहान मूल एकदा ओकले की तोंड पुसून पुन्हा खिडकीबाहेर बघू लागते. हिशेबनिसांना गाडी सुरू होण्याआधीच लागे. बसच्या सीटच्या रेक्झिनचा वास आला की कपाळावर घाम फुटे, इंजिन थरथरले की ओठ पांढरे पडत, आणि पहिल्या वळणावर जे व्हायचे ते होई. म्हणून आयुष्यभर त्यांनी पायी गाठता येतील अशाच गोष्टी केल्या. घर कचेरीजवळ घेतले. लग्नसुद्धा दोन गल्ल्या सोडून केले. "माझे गुण बघून नव्हे, माझा पत्ता बघून," असे त्यांची बायको म्हणे.

अशा माणसाची कचेरी कंपनीने डोंगरापलीकडे नेली.

रंगाचा कारखाना होता आणि हिशेबनीस तिथल्या हिशेब विभागातले सर्वांत जुने. कंपनीला जुनी माणसे कमी करायची होती. पण कंपनी कुणाला जा म्हणत नाही. ती फक्त खुर्ची उचलून लांब नेऊन ठेवते आणि माणूस किती चालतो ते बघते. त्यांच्या बरोबरीच्या दोघांनी पहिल्याच पंधरवड्यात राजीनामे दिले आणि घरी बसून गुडघ्यांना तेल लावू लागले.

हिशेबनिसांना राजीनामा देता येत नव्हता. त्याचे कारण आठवड्यातून तीनदा घरामागच्या गल्लीतल्या डायलिसिस केंद्रात मशीनला जोडलेले असे. बायकोची दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाली होती. मशीनचा खर्च कंपनी करी. रीतसर निवृत्त झालेल्याच्या बायकोचा तो पुढेही चालू राही, राजीनामा देणाऱ्याच्या बायकोचा त्याच दिवशी बंद होई. निवृत्ती अजून वर्षभराहून थोडी लांब होती. डोंगरापलीकडे बिऱ्हाड न्यावे तर तिकडे असे केंद्र नव्हते. एकट्यानेच तिकडे खोली घ्यावी तर मशीनवरून उतरलेल्या बायकोला संध्याकाळी मोजून पाणी कोण देणार? घरात तिसरे माणूस नव्हते.

तेव्हा हिशेबनीस कंपनीच्या बसने जाऊ लागले. मांडीवर झाकणाची बादली, खिशात रुमालांची चळत. डोंगराच्या दुसऱ्या वळणावर एक झाड होते, तिथे चालक न सांगता बस थांबवी. महिन्याभरात सगळे त्याला हिशेबनिसांचे झाड म्हणू लागले. कुणी पाहुणा आला की खिडकीतून दाखवत.

संध्याकाळी ते घरी येत तेव्हा बायको दारातच बादली हातातून घेई. मशीनवर जाऊन आलेल्या दिवशी तिच्या हातात तेवढे बळ नसे, मग दोघे मिळून धरत.

"आज किती?" ती विचारी.

"दोनदा."

"काल तीनदा होतं. प्रगती आहे."

आपल्याकडे माणसाला पैसे लागले तर लोक रस्ता बदलतात, पण पोटाचे काही निघाले की रस्ता ओलांडून सांगायला येतात. औषधाच्या दुकानदाराने गोळी दिली. तिने उलटी थांबली, पण हिशेबही थांबला. हिशेबनीस भर बैठकीत तोंड उघडे टाकून झोपले. कुणी म्हणाले, लिंबू हुंगा. कुणी म्हणाले, पोटाला वर्तमानपत्र बांधा, पण आजचे नको, कालचे बांधा. या शास्त्रातले सर्वांत मोठे जाणकार म्हणजे शेजारचे निवृत्त पोस्टमास्तर. ते रोज जिन्यात उभे राहून एक नवा उपाय सांगत, आणि तो चुकला तर दुसऱ्या दिवशी तो आपण सांगितलाच नव्हता असे सांगत.

एके दिवशी ते म्हणाले, "हिशेबनीस, तुम्ही स्वतःच गाडी चालवायला शिका. जो चालवतो त्याला गाडी लागत नाही."

हिशेबनीस त्या दिवशी बसमधून उतरून थेट जिन्यात आले होते. बादली हातात होती. ते म्हणाले, "पोस्टमास्तर, पोट माझं आहे. त्याच्यात काय चालतं ते मला जास्त कळतं. तुम्ही आयुष्यभर पाकिटं बाहेरून बघून आत काय आहे ते ओळखलंत, म्हणून माझंही ओळखाल असं समजू नका."

जिन्यात तीन बिऱ्हाडांची दारे उघडी होती. पोस्टमास्तर आत गेले. हिशेबनिसांना वाटले, आयुष्यात पहिल्यांदाच आपण कुणाला बरोबर ऐकवले. माणसाने असे वाटून घेऊ नये. ते पुढे फार जड जाते.

डॉक्टर म्हणाले, मोकळी हवा घ्या. त्यावर बायकोचा धाकटा भाऊ, जो गाड्यांच्या विम्याचे काम करी, म्हणाला, "मग भावोजी, सरळ उघड्या छपराची गाडी घ्या. वर आभाळ, खाली रस्ता, मध्ये तुम्ही."

हे तो चेष्टेने म्हणाला. पण हिशेबनिसांना चेष्टा कळायला एक दिवस लागे, आणि तोवर त्यांनी तक्ता मांडून टाकला होता. एका रकान्यात डोंगराचे अंतर, दुसऱ्यात इंधन, तिसऱ्यात छप्पर. तक्त्यातून निघाले ते असे: हवेसाठी गाडी उघडी पाहिजे, आणि एवढ्या अंतरासाठी डिझेलची पाहिजे.

मेहुण्याने कपाळाला हात लावला. "भावोजी, उघडी गाडी हौसेची असते आणि डिझेलची गरजेची. हौस आणि गरज एका गाडीत कोण घालतं? गवत खाणारा वाघ मागताय तुम्ही."

"तक्ता चुकीचा आहे का?"

"तक्ता बरोबर आहे हो. दुनिया चुकीची आहे."

बायको पलंगावर पडून ऐकत होती. ती भावाला म्हणाली, "त्यांना हवी तशीच शोध. रोज बादली तू धुतोस का?" तिथे वाद संपला. हिशेबनिसांना हे फार लागले, म्हणजे चांगल्या अर्थाने. सगळे जग एका बाजूला असताना ती आपल्या तक्त्याच्या बाजूने उभी राहिली, हे ते विसरले नाहीत.

मेहुण्याने गवत खाणारा वाघ शोधून काढला. जुन्या गाड्यांच्या आवारात मागच्या भिंतीला लागून तो मेणकापडाखाली उभा होता. रंग हळदीचा. दारावर हसरा दात रंगवलेला, दाताला हात, हातात ब्रश.

"दातांच्या डॉक्टरांची होती," विक्रेता म्हणाला. "त्यांनी बायकोच्या हौसेनं आणवली."

"मग विकली का?"

"बायको गेली."

हिशेबनीस दचकले. विक्रेत्याच्या ते लक्षात आले. "तशी नाही हो गेली. दुसऱ्या दातांच्या डॉक्टरांकडे गेली."

इंजिन सुरू केले तेव्हा विहिरीवरचा पंप चालू झाल्यासारखे वाटले. आणि इथेच तक्त्यातली पहिली चूक कळली. गाडी उघडी असली की बाहेरची हवा आत येते हे खरे, पण गाडी उभी असली की तिचा स्वतःचा धूरही आत येतो. डिझेलचा तो धूर हिशेबनिसांच्या नाकात गेला आणि त्यांनी घाईघाईने विक्रेत्याच्या कुंडीचा आश्रय घेतला.

"चालू लागली की धूर मागं जातो," विक्रेता कुंडीकडे न बघता म्हणाला. तेवढे तो खरे बोलला.

गाडी नावावर करायला वाहन कार्यालयात गेले तर निरीक्षकाने विचारले, "उंची?"

"उघडी की बंद?"

"गाडीला एकच उंची असते."

हिशेबनिसांनी समजावून सांगितले, की छप्पर वर केले तर एक उंची होते, खाली केले तर दुसरी. निरीक्षकाने शांतपणे ऐकले आणि संगणकाचा पडदा त्यांच्याकडे वळवला. उंचीला एकच चौकोन होता. त्यांना पुन्हा बोलावले, मग मोठ्या साहेबांकडे पाठवले, मोठ्या साहेबांनी पुन्हा खाली पाठवले. शेवटी निरीक्षकाने दोन्ही उंचींची सरासरी काढून चौकोनात भरली. म्हणजे सरकारदरबारी त्या गाडीची जी उंची लागली, ती गाडीला आयुष्यात कधीच नसणार होती, फक्त छप्पर अर्ध्यात अडकले तर तेवढी वेळ सोडून. जन्मभर आकडे सांभाळलेल्या माणसाला हे सहीनिशी मान्य करावे लागले. त्या रात्री ते जेवले नाहीत.

मधल्या काळात ते गाडी चालवायला शिकले. शिकवणीची गाडी साधी, छपराची होती. त्यांना उलटी झाली नाही. शिकवणाऱ्याच्या आरडाओरड्यामुळे पोट घाबरून गप्प बसले असेल, असा त्यांनी अर्थ लावला. पुरावा समोर येऊन उभा राहिला होता, पण माणसाला पुरावा दिसत नाही, त्याला स्वतःचा तक्ता दिसतो.

मग हळदीची गाडी रोज डोंगर चढू लागली. कानटोपी, मफलर, काळा चष्मा, आणि शेजारच्या सीटवर पट्ट्याने बांधलेली बादली. सिग्नलला लोक विचारत, "डॉक्टर, अक्कलदाढ काढता का?" कारखान्याच्या फाटकावर पहारेकऱ्याने पहिल्याच दिवशी हात आडवा केला.

"उघडं वाहन आत घेता येत नाही. माल सांडतो. ताडपत्री पाहिजे."

"अहो, ही मोटार आहे. माल कुठला?"

पहारेकऱ्याने आत वाकून पाहिले. आत हिशेबनीस होते आणि बादली होती. "उघडी आहे का नाही तेवढं सांगा."

त्यामुळे रोज फाटकाबाहेर थांबून छप्पर वर करावे लागे. ते एखाद्या म्हाताऱ्यासारखे कण्हत उठे, अर्ध्यात थांबे, विचार करी, आणि मग हिशेबनिसांनी मागून ढकलले की बसे. सगळा कारखाना खिडक्यांतून बघे. त्यांच्याकडे बघून नव्या साहेबांनी, जे त्यांच्याहून बरेच लहान होते, एकदा आत बोलावून हळुवारपणे विचारले, "झेपतंय ना? आम्ही कुणाला आग्रह करत नाही. तुम्ही म्हणाल तेव्हा राजीनामा घेऊ."

"झेपतंय," हिशेबनीस म्हणाले. त्यांच्या मिशीला दव चिकटले होते.

आणि खरोखर झेपत होते. एक दिवस असा पाऊस आला की छप्पर बंद करण्यावाचून गत्यंतर नव्हते. बंद गाडीत, डोंगराच्या सगळ्या वळणांवरून, हिशेबनीस बादलीकडे एक डोळा ठेवून कारखान्यापर्यंत आले. उतरले आणि उभे राहिले. कपाळ कोरडे होते. पोटात मळमळ नव्हती. उलट भूक होती.

आता हे असे का होते ते नीट समजून घ्यायला हवे. बसमध्ये मागे बसलेल्या माणसाचे डोळे म्हणतात, आपण स्वस्थ बसलो आहोत. कानाच्या आत एक तोल सांभाळणारी जागा असते, ती म्हणते, छे, आपण वळतो आहोत, उडतो आहोत. दोघांचे भांडण जुंपते आणि शिक्षा होते पोटाला, जसे घरात मोठ्यांच्या भांडणात मार मुलाला बसतो. पण जो गाडी चालवतो, त्याला वळण येण्याआधीच दिसते, आणि वळवणाराही तोच असतो. त्याच्या डोळ्यांचे आणि कानांचे एकमत असते. भांडणच नाही तर शिक्षा कुणाला? छप्पर उघडे असो वा बंद, त्याचा याच्याशी काही संबंध नाही.

म्हणजे पोस्टमास्तर बरोबर होते. शंभर चुकीच्या उपायांमध्ये त्यांनी एक बरोबर सांगितला होता, आणि नेमका त्याच दिवशी हिशेबनिसांनी तीन उघड्या दारांसमोर त्यांना पाकिटांवरून बोलून घेतले होते. कुठलीही साधी, बंद गाडी चालली असती.

हे कबूल करायचे म्हणजे कुणाकुणाला तोंड दाखवायचे? मेहुण्याला, ज्याने गवत खाणारा वाघ म्हटले होते. पोस्टमास्तरांना. आणि बायकोला, जी तक्त्याच्या बाजूने उभी राहिली होती. हिशेबनिसांनी ठरवले की गाडी उघडीच चालवायची. थंडी आली, त्यांनी दुसरा मफलर घेतला. डोंगरावर धुके उतरले, त्यांनी गुडघ्यावर घोंगडी घेतली. खोकला सुरू झाला, तो वाढला, छातीत बसला.

"आज झालं का?" बायको दारात विचारी.

"थोडंसं," ते म्हणत. झाले नाही म्हटले तर मग या थंडीत छप्पर लावून का बघत नाही असा प्रश्न आला असता. आणि बादली वापरलेली वाटावी म्हणून ती वाटेत धुऊन आणत.

बायको बादली हातात घेई. तिच्या डाव्या हातावर, जिथे मशीनच्या सुया जात, तिथली शीर दोरासारखी फुगलेली असे. त्या हाताने वजन उचलायचे नसते, म्हणून ती उजव्याने धरी. "थोडंसं" ऐकून ती आत जाई. पूर्वी ती काहीतरी बोले, प्रगती आहे म्हणे. आता बोलत नसे. जेवताना तिचा घास हातात तसाच राही. हिशेबनिसांना वाटे, आजारपण आहे, चालायचेच. खोकल्याच्या उबळीत त्यांना ते नीट दिसलेही नाही.

कारखान्याच्या सुट्टीच्या दिवशी ती सकाळी शाल घेऊन तयार होऊन बसली. "मला आज जरा लांब नेऊन आणा. धरणाकडे. कधी बसलेच नाही तुमच्या गाडीत."

"पण आज तुझा केंद्राचा दिवस ना?"

"सिस्टरांना सांगितलंय. आज नाही."

हिशेबनिसांना वाटले, मशीन दुरुस्तीला गेले असेल. जात असे अधूनमधून. तिला हात देऊन त्यांनी गाडीत बसवले. ती म्हणाली, वारा सोसणार नाही, छप्पर लावा. छप्पर कण्हत वर आले आणि बसले.

धरणाचा रस्ता अरुंद आणि वळणांचा. वाटेत पाऊस लागला. छपराच्या शिवणीतून एक थेंब नेमाने तिच्या मानेवर पडू लागला, तेव्हा तिने छत्री उघडली आणि बंद गाडीत छत्री धरून बसली. ती बाहेर बघत नव्हती. त्यांच्या तोंडाकडे बघत होती. घाम कधी फुटतो, ओठ कधी पांढरे पडतात याची वाट बघत होती. मांडीवर बादली तयार होती.

हिशेबनिसांना बायको शेजारी बसल्याने फार बरे वाटत होते. बरे वाटताना माणूस बेसावध होतो. एका मोठ्या वळणावर एका हाताने गाडी वळवत ते म्हणाले, "तुझ्या पिशवीत बिस्किटं आहेत का गं? भूक लागली."

तिने पुडा काढून दिला. त्यांनी एक खाल्ले. दुसरे खाल्ले. तिसरे तोंडात घालताना त्यांचे शेजारी लक्ष गेले.

"तुम्ही खाताय," ती म्हणाली.

त्यांचा जबडा थांबला.

"वळणावर खाताय. छप्पर बंद आहे."

"आज जरा..."

"खोटं बोलू नका. कधीपासून?"

काचेवरचा पाऊस पुसणारी पट्टी दोनदा फिरली. "पाऊस पडला होता ना मोठा, त्या दिवशी कळलं. चालवणाऱ्याला लागत नाही. छपराचा काही संबंधच नाही."

"म्हणजे दोन महिने. आणि रोज मला थोडंसं थोडंसं म्हणून सांगत होतात?"

"पोस्टमास्तर हसले असते."

तिने छत्री एकदम मिटली, तशी ती गाडीच्या छताला अडकली, आणि ती सोडवण्यात दोघांचा थोडा वेळ गेला. मग ती समोर बघत म्हणाली, "मशीन दुरुस्तीला गेलेलं नाही. मी सिस्टरांना सांगून आले, आजपासून येणार नाही म्हणून."

हिशेबनिसांनी गाडी कडेला घेतली. तोंडात बिस्किटाचा कोरडा चुरा होता.

"ती बादली बघून मला घास जाईना," ती म्हणाली. "खोकून खोकून तुमच्या बरगड्या दिसायला लागल्या. माझ्यासाठी तुम्ही रोज आतडी पिळवटून घेताय असं वाटलं. म्हटलं, मीच नसले तर तुम्हाला त्या डोंगरावर जायचं कारण उरणार नाही. राजीनामा द्याल, घरी बसाल. तक्ता मांडला होता मी. तुमच्यासारखाच."

"अगं," ते म्हणाले. मग त्यांना खोकल्याची उबळ आली आणि ती बराच वेळ थांबली नाही. तिने उजव्या हाताने त्यांची पाठ चोळली.

"आता काय?" त्यांनी शेवटी विचारले.

"आता काय? वळवा गाडी. उशीर झाला तर माझी वेळ दुसऱ्या कुणाला देतील."

अरुंद रस्त्यावर पुढे-मागे, पुढे-मागे करत त्यांनी गाडी वळवली. समोर मालवाहू गाडी अडली होती, तिचा चालक हॉर्नवर कोपर टेकून बसला होता. बायकोने खिडकीतून हात काढून त्याला थांबायची खूण केली.

"एक अट आहे," गाडी सरळ झाल्यावर ती म्हणाली. "पोस्टमास्तरांना तुम्ही स्वतः सांगायचं, की ते बरोबर होते."

"ते जमणार नाही."

"मग मी मशीनवर झोपणार नाही."

पुढचा सगळा रस्ता हिशेबनिसांची मान ताठ होती. पण त्यांनी गाडी इतक्या जोरात पूर्वी कधी चालवली नव्हती.

केंद्राच्या दारात पोस्टमास्तर उभे होते. हिशेबनिसांच्या घरी कुणी नाही म्हणून सिस्टरांनी शेजारी निरोप पाठवला होता आणि पोस्टमास्तर घाबरेघुबरे होऊन धावत आले होते. पायात दोन वेगवेगळ्या चपला होत्या. "वहिनी, कुठं होतात तुम्ही? सिस्टर म्हणाल्या..."

"आले ना," बायको म्हणाली. ती पायरीवर एक पाय ठेवून थांबली आणि नवऱ्याकडे बघू लागली. वर मशीन मोकळे होते, सिस्टर दारातून हाक मारत होत्या. ती हलली नाही.

हिशेबनीस गाडीतून उतरले. मफलर काढून हातात घेतला.

"पोस्टमास्तर, तुम्ही बरोबर होता."

पोस्टमास्तरांनी डोळे बारीक केले. त्यांनी इतके सल्ले दिले होते की बरोबर होण्याची त्यांना सवय नव्हती. "कशाबद्दल? गच्चीवरच्या टाकीबद्दल?"

फार सोपे होते. नुसते हो म्हटले असते तरी पोस्टमास्तर खूश झाले असते, आणि दुसऱ्या दिवशी विसरलेही असते. हिशेबनिसांनी पायरीकडे पाहिले. ती अजून उभी होती.

"नाही," ते म्हणाले. "गाडीबद्दल. जो चालवतो त्याला लागत नाही, असं तुम्ही म्हणाला होता. मी तुम्हाला जिन्यात नको ते बोललो. तुमचं खरं होतं."

मग ती कठडा धरून वर गेली.